ढोल्या गणपतीच्या पाठीमागे

वाईवरून मी आजवर निदान पाच वेळा गेले असेन, पण वाईत थांबले एकदाही नव्हते. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाडीत कुणीतरी म्हणतं, "आली बरं का वाई, आता पसरणीचा घाट," आणि पुढच्या वळणाच्या धास्तीनं सगळे आले-लिंबाच्या गोळ्या काढतात. नदी दिसते, देवळाचा कळस दिसतो, आणि गाव संपतं.

खरं तर या गावाचं नाव मला महाबळेश्वरच्याही आधीपासून माहीत होतं. आमच्या शाळेच्या वाचनालयात मराठी विश्वकोशाचे जाड खंड होते. एक नोंद शोधायला खंड उघडायचा आणि भलत्याच नोंदीत तास घालवायचा, हा माझा सातवी-आठवीतला उद्योग होता. हे सगळं वाईला तयार होतं असं बाईंनी एकदा सांगितलं, तेव्हा वाई म्हणजे मुंबईएवढं काहीतरी मोठं शहर असणार अशी माझी समजूत झाली होती.

२०२४ च्या जानेवारीत मधल्या वारी, बुधवारी, एक रजा काढली. आईनं विचारलं, "एकटी? आणि दिवसभर करणार काय?" म्हटलं, बसणार नदीवर. पाचगणी नाही, धरण नाही, किल्ला नाही. वाई, आणि फार तर तीन किलोमीटरवरचं मेणवली. संध्याकाळी परत.

सकाळ

स्वारगेटहून साडेसहाची एसटी मिळाली. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत बायका जास्त दिसतात, आणि एकेकट्या बायकाही दिसतात, हे मला मनापासून आवडतं. माझ्या शेजारच्या मावशी लेकीकडं चालल्या होत्या, मांडीवर मेथीची जुडी आणि स्टीलचा डबा. शिरवळ गेलं, खंबाटकीचा घाट चढताना खिडकीतून अंगावर धुकं आलं. सुरूर फाट्याला गाडी महामार्ग सोडून उजवीकडं वळली आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. "त्यो उजव्या अंगाला पांडवगड, आन् डावीकडं वैराटगड," मावशींनी न विचारता सांगितलं. दोन गडांच्या मधून आपण गावात शिरतोय हे पुण्याहून इतक्यांदा येऊनही मला ठाऊक नव्हतं.

स्टँडवर उतरून मिसळ खाल्ली, दोन चहा घेतले आणि चालत निघाले. वाई आळ्यांचं गाव आहे. गणपती आळी, मधली आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, गंगापुरी, धर्मपुरी, सिद्धनाथवाडी. यांतल्या बहुतेक आळ्या उतरत उतरत नदीवर जातात आणि जवळजवळ प्रत्येक आळीचा स्वतःचा घाट आहे. त्यामुळं पत्ता विचारायची गरज पडत नाही. उतार धरायचा, नदी येतेच. वाटेत काही जुने वाडे अजून तग धरून आहेत. एका दाराच्या गणेशपट्टीवरचं शेंदूर इतकं जाड झालं होतं, की गणपतीचा नुसता फुगवटा उरला होता. खाली उंबऱ्यावर मात्र त्याच दिवशीची ताजी रांगोळी.

घाटावर

ढोल्या गणपतीचं देऊळ घाटाच्या पायऱ्यांवर, अगदी नदीला लागून आहे. आत गेल्याबरोबर मूर्तीच समोर भरून राहते. एकाच काळ्या पाषाणातली, गाभारा व्यापून बसलेली. ढोल्या हे नाव कुणी प्रेमानं ठेवलं असणार, कारण देवाला असं नाव घरच्या माणसासारखं वागवल्याशिवाय ठेवता येत नाही. माझ्या पुढं एक आजी नातवाला सांगत होत्या, "बघ, कसा ऐसपैस बसलाय. तुला जेवायला बसायला सांगितलं की तू कसा बसतोस?"

दर्शन घेऊन बाहेर आले आणि बहुतेक लोक करतात तसं पायऱ्यांवरून फोटो काढला. मग उगाच देवळाला वळसा घालून मागं गेले, आणि त्या मागच्या भिंतीपाशी माझा पाऊण तास गेला.

देवळाची पाठ सपाट नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती मागं निमुळत्या होत येऊन एका धारेत मिळतात. त्याला मत्स्याकार म्हणतात. कृष्णेला पूर आला की पाणी या धारेवर येतं, दोन्ही अंगांनी फाटतं आणि देवळाला रेटा न देता पुढं जातं. होडीचं नाक पाणी कापतं तसंच, फक्त इथं होडी जागेवर आणि नदी चालती. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ बांधलं. म्हणजे अडीचशेहून अधिक पावसाळे या दगडांनी अंगावर घेतलेत.

हात लावून पाहिला. सकाळच्या उन्हात दर्शनी बाजूचा दगड कोमट झाला होता, इथला गार. घडीव काळा दगड, सांधे इतके घट्ट की नख जात नाही. खालच्या थरांचा रंग वरच्यापेक्षा वेगळा, मातकट, आणि एका खाचेत वाळलेला गाळ होता. बोटानं उकरला तर पिठासारखा सुटला. गेल्या पावसाळ्यातला असेल. फुलं विकणाऱ्या काकांना विचारलं, पाणी कुठवर येतं? त्यांनी बसल्या जागेवरून नुसती मान देवळाकडं उडवली. "येतं की आत. देवाला भेटून जातं. आम्ही टोपल्या उचलायच्या, दुसरं काय."

मला वाटतं, बांधणाऱ्याची सगळी अक्कल या पाठीत आहे. पुढची बाजू भक्तांसाठी, मागची नदीसाठी. नदीला अडवायचं नाही आणि तिच्यापासून लांबही जायचं नाही, तिच्या काठावरच राहायचं आणि तिला वाट करून द्यायची, असा हिशेब करून कुणीतरी पाथरवटांना तो आकार आखून दिला. त्या माणसाचं नाव कुठं लिहिलेलं मला दिसलं नाही.

तिथून वर लगेच काशीविश्वेश्वर. हे देऊळ गणपतीच्या आधीचं, १७५७ चं, आनंदराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. अंगणात दीपमाळा, मंडपात काळाभोर नंदी, गळ्यातल्या माळांचे मणी एकेक मोजता येतील असे कोरलेले. मी मोजायला लागलेही होते, पण एक शाळकरी मुलगी येऊन नंदीच्या कानात काहीतरी इतकं वेळ सांगत बसली, की मी मुकाट्यानं बाजूला झाले.

दोन देवळांमध्ये पाच वर्षांचं अंतर, आणि त्या पाच वर्षांच्या मध्ये १७६१ चं पानिपत. रास्ते म्हणजे गोपिकाबाईंचं माहेर. नानासाहेब पेशव्यांची ती बायको, विश्वासरावांची आई. पहिलं देऊळ झालं तेव्हा मराठ्यांच्या फौजा उत्तरेत दौडत होत्या. दुसरं झालं तेव्हा विश्वासराव पानिपतावर पडले होते, त्यांच्या पाठोपाठ नानासाहेब गेले होते, आणि गोपिकाबाईंचा दुसरा मुलगा, माधवराव, सोळाव्या वर्षी पेशवा झाला होता. पोरगं गमावलेल्या, नवरा गमावलेल्या बाईच्या माहेरच्यांनी पुढच्याच वर्षी नदीत पाय रोवून हे एवढं देऊळ उभं केलं. का केलं असेल? नवस असेल, पुण्य म्हणून असेल, मोडलेल्या काळात हाताला काम म्हणूनही असेल. पायऱ्यांवर बसून मी बराच वेळ हाच विचार करत होते.

नदीचं पात्र जानेवारीतही भरलेलं होतं. पलीकडं दोघी तिघी कपडे धूत होत्या, धोपटण्याचा आवाज हात खाली आल्यावर क्षणभरानं ऐकू येत होता. एवढ्या सुंदर घाटाच्या शेवटच्या पायरीला प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्य आणि तुटक्या तसबिरी अडकलेल्या पाहून जीव तुटला. ज्या नदीला गावानं आईचं नाव दिलंय, कृष्णाबाई म्हणतात तिला, तिच्या पदरात घरातली अडगळ कशी टाकवते?

माझ्या शेजारी एक मावशी कपड्यांचं पिळं घेऊन टेकल्या. कुठून, कशाला, एकटीच काय, अशी रीतसर चौकशी झाली. मग म्हणाल्या, "आता आलीस व्हय? माघात यायचं. कृष्णाबाईचा उत्सव असतो." माघ महिन्यापासून एकेका घाटाचा उत्सव पाळीपाळीनं होतो. देवीला मांडवात आणतात, कीर्तनं, गाणी, प्रसादाच्या पंगती. एका घाटाचा संपला की पुढच्याचा. याची सुरुवात नवसातून झाली असं गाव सांगतं. १६५९ च्या पावसाळ्यात अफजलखानाचा तळ वाईला होता, इथूनच तो प्रतापगडाच्या पायथ्याशी गेला. शिवाजीराजांना यश येऊ दे म्हणून कृष्णामाईला नवस बोलला गेला, आणि १० नोव्हेंबरला जे झालं ते सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. मला त्या गोष्टीत खान आणि वाघनखं तेवढी शिकवली होती. खानाची छावणी उशाला असताना गुपचूप नवस बोलणारं गाव कुणी सांगितलं नव्हतं. "आमच्या आळीचं जेवण सगळ्यात चांगलं असतं," मावशी उठता उठता म्हणाल्या. कोणती आळी ते मी विचारलं, पण इथं लिहीत नाही. बाकीच्या आळ्यांशी भांडण नको.

मेणवली

अकराच्या सुमारास मेणवलीची वाट धरली. वडाप मिळत होतं, पण चालले. रस्त्याला हळदीची शेतं होती. पानं पिवळी पडून जमिनीला टेकली होती, म्हणजे काढणी जवळ आली. एका बांधावर थांबून वाळलेलं पान चुरगळलं, बोटांना हळदीचा नाही, काहीसा आंबेहळदीसारखा हिरवट वास दुपारभर राहिला.

नाना फडणवीसांचा वाडा बाहेरून गढीसारखा आहे. उंच तटबंदी, दिंडी दरवाजा. सहा चौकांचा वाडा. दार लावलेलं होतं. शेजारच्या घरातून कुणीतरी "थांबा हो ताई, येतायत" म्हणालं आणि वीसेक मिनिटांनी दार उघडलं गेलं. बुधवार असल्यामुळं आत मी एकटी. चौकातून चौकात जाताना ऊन-सावली, ऊन-सावली असं होत राहतं. सागवानी खांब हाताळून हाताळून गुळगुळीत झालेत. भिंतींवर चित्रं आहेत, पुराणातले प्रसंग, काही ठिकाणी रंग अजून तजेलदार, काही ठिकाणी गिलाव्यासकट गळून गेलेले. एका चित्रातल्या बाईचा चेहरा पुसला गेलाय आणि तिच्या हातातलं फूल तेवढं शाबूत आहे. तिच्यासमोरून माझा पाय निघेना.

नाना या वाड्यात फार राहिले नसणार, त्यांचं सारं आयुष्य पुण्याच्या कारभारात गेलं. १७४२ मध्ये साताऱ्याला जन्म, एकोणिसाव्या वर्षी पानिपतावरून जीव घेऊन परत, आणि पुढं १८०० साली मरेपर्यंत जवळपास सतत पेशवाईचा गाडा. पण कागद त्यांनी इथं ठेवले. मेणवली दप्तर म्हणून इतिहासाचे अभ्यासक ज्याचं नाव घेतात, ते इथलं.

मला मात्र वाड्यात नानांपेक्षा जिऊबाई जास्त जाणवल्या. नाना गेले तेव्हा ही त्यांची बायको अजून लहान मुलगी होती. पाठीशी कुणी नाही, दुसरा बाजीराव वैरी. लोहगडावर आसरा घेतलेल्या या मुलीला १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीच्या मध्यस्थीनं संरक्षण आणि तनखा मिळाला. हाच वेलस्ली पुढं वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. जिऊबाई नंतर मेणवलीला आल्या आणि म्हातारपणापर्यंत राहिल्या. पेशवाई बुडाली, पुण्यात कंपनीचं निशाण चढलं, आणि ही बाई या चौकांत दिवाबत्ती करत राहिली. आतल्या चौकातल्या तुळशीपाशी मी उभी होते. दुपारची शांतता अशी होती की कौलांवरून खार पळाली तर तिची नखं ऐकू आली. एवढ्या मोठ्या घरात एका पोरक्या मुलीच्या रात्री कशा गेल्या असतील?

वाड्यामागच्या दारातून उतरलं की घाट. चंद्रकोरीसारखा वळलेला, स्वच्छ, वाईच्या घाटांहून निवांत. एक मेणेश्वराचं देऊळ, एक विष्णूचं, आणि मध्ये एका छोट्या दगडी देवळीत टांगलेली घंटा. पायऱ्यांवर बसलेल्या पोरांनी विचारलं, "शूटिंगची जागा बघायला आलाय काय?" कारण सिनेमावाले इथं सारखे येतात. म्हटलं, घंटा बघायला. "मग ही काय!" म्हणून एकानं ती आपली असल्यासारखी दाखवली.

पंचधातूची जाडजूड घंटा. जवळ जाऊन पाहिलं तर अंगावर १७०७ हे साल, आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. पोर्तुगीजांच्या कुठल्याशा चर्चमध्ये ती वाजत असणार. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या घंटा मराठी मुलखात विखुरल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक आहे, आणि ही इथं. नानांच्या जन्माच्या आधीची लूट त्यांच्या घाटावर येऊन टांगली गेली. १७०७ हे सालही साधं नाही. त्याच वर्षी औरंगजेब नगरजवळ मेला आणि शाहूराजे कैदेतून सुटले. इकडं ते घडत असताना तिकडं कुणीतरी साच्यात धातू ओतून हे चित्र उठवत होतं.

मेरीचा चेहरा बोटभरही नाही. नाक झिजलेलं, बाळाचं डोकं नुसता ठिपका. तिच्यावर कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं. ताजं होतं, बोटं उठली होती. मी पोरांना विचारलं, ही कोण माहितीये का? सगळ्यात धाकटा म्हणाला, "देवी हाये. बाळ हाये तिला." मी त्यात काही भर घातली नाही.

परत वाईत

मेणवलीतच एका घरगुती खानावळीत पिठलं, ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. वाढणाऱ्या वहिनींनी तिसरी भाकरी न विचारता टाकली. येताना वडाप केलं, आत बारा जण आणि एक कोकरू.

दुपारी गंगापुरीत विश्वकोशाच्या कार्यालयापुढं जाऊन उभी राहिले. आत जायचं धाडस केलं नाही, कामाच्या वेळी कुणाला कशाला अडवा. पण त्या फाटकासमोर उभं राहून ऊर भरून आला. मुंबईएवढं शहर समजले होते मी. प्रत्यक्षात एक आळी, समोर सायकल टेकवलेली, आणि याच गावातून वीस खंड निघाले. आधी शास्त्राशास्त्रांतल्या शब्दांना मराठी शब्द ठरवायचे, त्यांचा परिभाषासंग्रह करायचा, नोंदींच्या याद्या करायच्या, जाणकारांकडून लिहून घ्यायचं, तपासायचं, तेव्हा कुठं १९७६ ला पहिला खंड आला. वाचनालयात मी हाताळायचे ती फक्त दर्शनी बाजू होती.

हे सगळं वाईलाच का, याचं उत्तर प्राज्ञपाठशाळेत आहे. नारायणशास्त्री मराठे, पुढं केवलानंद सरस्वती, यांनी उभी केलेली ही पाठशाळा. १९१५ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा चौदा वर्षांचा एक मुलगा शिकायला इथं आला आणि इथलाच झाला. तेच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, १९९४ मध्ये जाईपर्यंत विश्वकोशाचे प्रमुख संपादक. तरुण विनोबाही साबरमतीहून रजा घेऊन वेदान्त शिकायला याच गावात राहिले होते. जुन्या पोथ्या पाठ असलेल्या शास्त्र्यानं त्याच पोथ्यांच्या आधारे अस्पृश्यतेविरुद्ध गांधीजींच्या बाजूनं उभं राहावं, आणि १९३३ मध्ये गांधीजींचा मुलगा देवदास आणि काँग्रेसचे नेते राजाजी यांची मुलगी लक्ष्मी यांचं आंतरजातीय लग्न स्वतः लावावं, हे मला कुठल्याही लढाईइतकंच मोठं वाटतं. देवळांच्या यादीत पाठशाळेचं नाव नसतं. माझ्या मते वाईत आलेल्यानं आधी इथं यावं.

साडेपाचला पुन्हा गणपती घाट. उन्हं उतरली होती, काकांच्या टोपलीत शेवंतीची चार फुलं राहिली होती, ती मी घेतली. "पुन्हा मागं जाणार काय?" त्यांनी विचारलं. सकाळी मी भिंतीशी काय करत होते ते त्यांनी नीट पाहिलं होतं तर. त्यांनीच मग उठून मला आणखी एक गोष्ट दाखवली. धारेच्या खाली, पाण्याच्या जवळ, दगडावर एक फिकट आडवी रेघ. "एवढं असलं की आम्ही बसतो. ह्याच्या वर चढाय लागलं की टोपल्या उचलायच्या. माझा बाप बी इथंच बघायचा." रेघ कुणी मारलेली नव्हती, पाण्यानंच उमटवली होती.

गाडी सव्वासहाची होती. स्टँडवर पोचेपर्यंत ऊन गेलं होतं. खिडकीत बसले, शेवंती मांडीवर. खंबाटकीचा बोगदा आला तेव्हा पुढच्या सीटवरच्या मुलानं श्वास रोखून धरला आणि बाहेर पडल्यावर मोठ्यानं सोडला.